गोड कुणी आणायचं

लिंबाचा रस घट्ट, गोड दुधात पडला की सुरुवातीला काहीच होत नाही. चमचा फिरत राहतो, रस कडेकडेनं पातळ रेघा काढत पळतो, आणि वाटतं, दोन चांगल्या गोष्टी आपण उगाच एकत्र करून वाया घालवल्या. मग चमचा किंचित जड लागतो. डोळ्यांना अजून काही दिसत नसतं, आधी मनगटाला कळतं. त्यानंतर मात्र ते थांबत नाही. बघता बघता चमच्याची वाट त्याच्यामागे उमटून राहायला लागते.

"झालं का गं?" माईंनी विचारलं.

"होतंय."

माई माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लाटण्यानं बिस्किटं कुटत होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत बिस्किटं घालून वरून लाटणं फिरवायचं, एवढंच काम होतं. पण त्यांनी दाण्याचं कूट करावं तसं मन लावून चालवलं होतं, आणि पिशवीत आता बारीक रवा झाला होता. एवढं बारीक नको, असं मी सांगितलं असतं, तर त्यांचं काम संपलं असतं. 

माई म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, सुनेत्राच्या आई. मिरजेहून मे महिन्यात आल्या होत्या आणि थंडी पडायच्या आत परत जाणार होत्या. सुनेत्रा आणि तिचा नवरा दिवसभर कामावर, नात कुठल्याशा शिबिराला. आमच्या त्या ओहायोतल्या गावात पायी जाण्यासारखं काही नव्हतं आणि टीव्हीवरचं बोलणं माईंच्या डोक्यावरून जायचं. त्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दुपारी सुनेत्रानं माईंना माझ्या दाराशी सोडलं आणि जाताना हळूच मला म्हणाली, आईला जरा सोबत दे. दुसऱ्या चहाच्या वेळी माईंनी सांगितलं की गाडीत ती त्यांना म्हणाली होती, वैजूला जरा सोबत दे. आम्ही दोघीही हसलो. 

"नाव काय म्हणालीस याचं?"

"पाय."

"कुणाचा?"

"लिंबाचा."

माईंनी लाटणं थांबवलं. "मिरजेत नको हो सांगायला," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

हा पाय मला मी कामाला होते त्या प्रयोगशाळेतल्या लॉइसनं शिकवला होता. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ताटलीत तळाला आणि कडेला दाबून बसवायचा, वर डब्यातलं घट्ट दूध आणि लिंबाचा रस ओतायचा आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचा. भाजायचं काही नाही, अंडं नाही, जिलेटिन नाही. आमच्या मंडळातल्या कडक शाकाहारी माणसांनाही चालण्यासारखा.

मंडळ म्हणजे आसपासच्या गावांमधली पंचवीसेक मराठी घरं. दर जुलैमध्ये तळ्याकाठच्या पार्कात सगळे जमत. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, आणि कुणी काय आणायचं ते सुनेत्रा आधी फोन करून ठरवून टाकी. संसारी घरांकडे भाज्या, भात, पुऱ्या. एकट्या माणसांकडे कागदी प्लेट्स, पेले आणि बर्फ. एकटी माणसं म्हणजे विद्यापीठातली मुलं, एक विधुर डॉक्टर, आणि गेले दोन उन्हाळे मी.

त्याआधी आमच्या घराकडे मसालेभात असे. करायची मी, वाढायचा हेरंब, माझा नवरा. मोठ्या पातेल्यापाशी उभा राहून तो प्रत्येकाला नावानं हाक मारून वाढी, आणि लोक त्याला हेरंबचा मसालेभात म्हणत. हेरंब पुण्याला गेला त्या वर्षी सुनेत्रानं फार मायेनं सांगितलं होतं, तू एकटी, कशाला घाट घालतेस, प्लेट्स आण. मी आणल्या. पुढच्या वर्षीही आणल्या. उरलेलं पुडकं घरी परत आलं, आणि तो सगळा हिवाळा मी त्या कागदी प्लेट्सवरच जेवले. एका माणसाचं ताट घासायला घेणं जिवावर येई.

गोडाची गोष्ट मात्र वेगळी होती. गोड कुणी आणायचं ते सुनेत्रा कधीच ठरवत नसे. ज्यांच्या घरी काही शुभ घडलेलं असे, ते आपण होऊन गोड आणत. कुणी घर घेतलेलं असे, कुणाला मुलगी झालेली, कुणाचं ग्रीन कार्ड आलेलं. सगळ्यांना वाढून झालं की बातमी सांगायची, आणि मग टाळ्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तशी पद्धत पडून गेली होती.

तिसऱ्या वर्षी सुनेत्राचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, प्लेट्स दुसऱ्या कुणाला तरी सांग, गोड मी आणते.

पलीकडे ती क्षणभर थांबली. "गोड? तू?"

"हो. सोपं आहे. भाजायचंसुद्धा नाही."

"बरं बरं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू आलं. "मी काही विचारत नाही."

माझ्या हातच्या गोडाची तिला शंका वाटतेय, असं मला वाटलं. मला फक्त प्लेट्स न्यायच्या नव्हत्या.

"पण भाजायचं का नाही?" माई विचारत होत्या. "एवढी मोठी भट्टी आहे की तुझ्याकडे." आणि मी काही म्हणायच्या आत उठून त्यांनी ओव्हनचं दार उघडलं.

आत पातेली होती. मोठ्यात मध्यम, मध्यमात लहान, शेजारी कढया, वर झाकणं, आणि मसालेभाताचं ते सगळ्यात मोठं पातेलं उपडं घातलेलं. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांमध्ये ओव्हनचा उपयोग असाच होई. भाजणारं कुणी नसे आणि कपाटं पुरत नसत. पण लोक निदान काढत-घालत. माझ्या पातेल्यांवर धुळीचा एकसारखा थर बसला होता.

"एवढी पातेली एकटीला?"

"हेरंबनं ठेवलीत."

"कधी?"

"जाताना. म्हणाला, एका जागी असू देत, तू यायला निघालीस की इथूनच खोक्यात भरू."

माईंनी बोटानं झाकणावर एक रेघ ओढली, बोटाकडे पाहिलं, आणि झोपलेल्या मुलाच्या खोलीचं ओढून घ्यावं तसं दार लावलं.

"म्हणजे तूच जायचीस."

"हो."

"कधी?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असे. प्रयोगशाळेतलं चालू काम संपलं की. आमच्याकडे आसपासच्या शेतांवरच्या विहिरींचं पाणी तपासायला येई. एक काम संपायच्या आत दुसरं सुरू होई, त्यामुळे या उत्तराला तसा शेवट नव्हता. हेरंब दर रविवारी सकाळी फोन करी आणि मी त्यालाही हेच सांगे. पुण्यात मित्राबरोबर त्यानं काढलेली कंपनी बरी चालली होती. त्यानं फ्लॅट घेतला होता. माझ्या आवडीचं म्हणून स्वयंपाकघर हिरव्या फरशांचं करून घेतलं होतं, आणि ते झाल्यावर मला कळवलं होतं. हिरवा रंग मला आवडतो असं त्याला कुठून वाटलं, ते मी विचारलं नाही.

आता तिथल्या एका कॉलेजात त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नव्हती. गेल्या रविवारी तो म्हणाला, "पुढच्या रविवारी मला नक्की सांग, वैजू. हो म्हणालीस की तिकीट काढतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. सगळं ठरलेलं असल्यावर माणसाचा आवाज निवांत असतो, तसा होता. मी प्रयोगशाळेचं काढलं तर हसून म्हणाला, पाणी काय, इथेही आहे. असलं तो पूर्वीही म्हणे, चार लोकांत. लोक हसत. मीही हसे.

यातलं मी माईंना थोडंच सांगितलं. कॉलेजचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. पाण्याचं नाही.

त्यांनी चुरा ताटलीत ओतला आणि मी वितळलेलं लोणी घातलं. बोटांनी चुरा दाबत त्या म्हणाल्या, "आमचे हे पाटबंधाऱ्यात होते. सारखे कुठल्या ना कुठल्या धरणावर. मी मुलं घेऊन मिरजेत. लोक विचारायचे, कधी येणार. मी म्हणायची, बदली होईल. तेही म्हणायचे, बदली होईल. असं करता करता निवृत्त झाले आणि घरी आले."

"मग?"

"मग कळलं, बदली दोघांनाही नको होती." त्यांनी कडेचा चुरा अंगठ्यानं सारखा केला. "वाईट नव्हते हो. मीही नव्हते. चहा आपापला, वेगवेगळ्या वेळी घ्यायचो, इतकंच."

मी दुधाचं भांडं वाकडं केलं. मिश्रण ओतलं गेलं नाही, ढकलावं लागलं. चमच्याच्या पाठीनं मी ते कडेपर्यंत पसरत राहिले. ते पसरून झालं होतं तरी मी पसरत होते.

"तू काय सांगणारेस रविवारी?"

"आंबट बरोबर आहे का बघा," मी म्हटलं आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चाटून बघितलं, बरोबर आहे म्हणाल्या, आणि पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांना वेगळीच शंका आली. बाहेर एवढं ऊन, उद्या पार्कात हे वितळून नाही का जाणार. मी म्हटलं, हे गारव्यानं घट्ट झालेलं नाही, आंबटानं झालंय. गारव्यानं गोठलेलं उन्हात सुटतं. हे सुटत नाही.

"म्हणजे आता परत दूध नाही व्हायचं याचं?"

"नाही."

"बरंय की," माई म्हणाल्या.

सहाच्या सुमाराला सुनेत्रा त्यांना न्यायला आली. गाडीतूनच तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. आमच्या दोघींचं काही गुपित असल्यासारखी.

त्या गेल्यावर मी ओटा पुसला. भांडी निथळायच्या जाळीत दोन कप उपडे होते. दुसऱ्या कपाकडे माझी नजर सारखी जात होती, म्हणून मी तो पुसून कपाटात ठेवला. बाहेर अजून भरपूर उजेड होता. तिथल्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी संपता संपत नाहीत. शेजारच्या घरी कुणीतरी गवत कापत होतं. त्याचं यंत्र बंद झाल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

रविवारी काय सांगायचं, ते एकदा बोलून बघावं म्हणून मी टेबलाशी बसले. फोन समोर भिंतीवर होता. मी म्हटलं, "हेरंब." पुढचं वाक्य आलं नाही.

तो वाईट असता तर वाक्य सोपं होतं. त्यानं कधी आवाज चढवला नाही. मला ताप आला की तो रजा घ्यायचा. पण तो घरात असताना टेबलावर एकच आवाज असे, आणि तो गेल्यावर शांतता झाली ती मला नवी वाटली नाही. फक्त मी तिच्यात एकटी होते. पुण्याला गेले तर पुन्हा दोघं असू. इथे राहिले तर अशा संध्याकाळी, या टेबलाशी, कितीतरी. दोन्हीकडे काय आहे ते मला माहीत होतं. कुठे जाणं मला नको आहे, हेही दोन वर्षं माहीत होतं. फक्त ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगितलेलं खरं असतंच असं नाही, असं मी धरून चालले होते.

फ्रिजची मोटर सुरू झाली. मी उठून पाय बघितला. कडा धरून बसल्या होत्या.

शनिवारी पार्कात मी पोचले तेव्हा छपराखालची लांब टेबलं भरत आली होती. कागदी प्लेट्स एका विद्यार्थ्यानं आणल्या होत्या. त्या कुठे ठेवायच्या ते त्यानं मला विचारलं, अनुभवी माणसाला विचारावं तसं. मी पाय टेबलाच्या टोकाला ठेवत होते, तर सुनेत्रानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मधोमध ठेवला. बायका माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर म्हणाले की पुण्याला आता फार गर्दी झाली आहे म्हणतात. मी हो म्हटलं. लोकांना माझ्याकडे बघून पुणंच आठवतं, याची मला सवय होती.

जेवणं होत आली तशी सुनेत्रानं चमच्यानं पेला वाजवला.

"गोड कुणी आणलंय ते सगळ्यांनी बघितलंच आहे," ती म्हणाली. "आणि का आणलंय ते आमच्या वैजूनं कुणाला सांगितलं नाही. पण आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

लोक हसले. तेव्हा मला कळलं. फोनवरचं तिचं थांबणं, गाडीतून हलवलेली मान, पाठीवरचा हात, सगळं एका ओळीत लागलं. माझ्या घरी शुभ असं एकच काही घडू शकत होतं.

"दोन वर्षं एकटीनं काढली हो हिनं," सुनेत्रा सांगत होती. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. "आता हेरंबकडे चाललीये, तर अशी रिकामी कशी पाठवायची?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हेरंबला सांगा, मसालेभाताला माणूस मिळालं." आणि त्यावर दुसरं कुणी, "मग आमच्या प्लेट्स कोण आणणार?" पुन्हा हसणं झालं. मी सुनेत्राचं नाव घेतलं, पण ते तिला ऐकू गेलं नाही.

तिनं मला बाकावर बसवलं. मी कुडता आणि पँट घातली होती. ओटीला पदर हवा म्हणून तिनं स्वतःची ओढणी काढली, माझ्या खांद्यावरून घेऊन कमरेशी गाठ मारली आणि तिचं टोक माझ्या दोन्ही हातांत दिलं. तिनं सगळी तयारी करून आणली होती. स्टीलच्या डब्यात तांदूळ, खण, हळदकुंकवाची कोयरी, आणि इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ, शेंडी ठेवलेला. असा नारळ मिळवायला किती लांब गाडी हाकावी लागते, ते मला ठाऊक होतं.

"ओटी आई भरेल," सुनेत्रा म्हणाली. "सगळ्यात मोठी तीच."

माई पुढे आल्या. त्यांनी नको म्हणून हात हलवला. मला कुठे पुढे करतेस आता, तुम्हीच भरा, असं त्या म्हणाल्या. पण सुनेत्रानं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे न बघता, अगं चालतं इथे, म्हणून नारळ त्यांच्या हातात ठेवला. माई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी ओढणी पसरून धरली होती. लहानपणापासून बघितलेली गोष्ट हात आपोआप करतात.

त्यांच्या मागे टेबलाच्या मध्यावर पाय दिसत होता. ऊन छपराखाली शिरून त्याच्यावर आलं होतं. खालचं लोणी-बिस्किटांचं बूड मऊ पडून ताटलीला चिकटलं असणार. वरचं होतं तसं होतं. पहिला तुकडा कुणीतरी कापून नेला होता आणि त्या जागी दोन्ही बाजूंच्या कडा सरळ उभ्या होत्या.

माईंनी नारळ पुढे केला. ओटीत घातला नाही, वरच धरून ठेवला. नारळाची शेंडी माझ्या मनगटाला लागत होती.

"वैजू," त्या फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "घालू ना?"

आजूबाजूला शांत झालं होतं. ओटी भरताना होतं तसं. तळ्याकडून मुलांचे आवाज येत होते. सुनेत्रानं मुठीत तांदूळ घेऊन ठेवले होते आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. तिला किती आनंद झाला होता, आणि हे माझ्यासाठी यापूर्वी कुणी केलं नव्हतं, दोन्ही मला दिसत होतं.

मला हे फोनवर, एकटीनं, एका माणसाला सांगायचं होतं. ते असं, जेवण झालेल्या पन्नास माणसांपुढे, दुसरीच्या ओढणीचा पदर करून बसल्यावर येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण ते आधीच घट्ट झालेलं होतं. आता ते ओतलं जाणार नव्हतं, ढकलावंच लागणार होतं.

मी ओढणीची टोकं एकत्र केली आणि मांडीवर मिटून ठेवली.

"नको, माई," मी म्हटलं. आणि मग सुनेत्रालाही ऐकू जाईल असं, "मी हेरंबकडे जाणार नाहीये. मी इथेच राहणार आहे."